टोल भरताना मुंबईबाहेर, पोरं खेळली की मुंबईची!

थोडं लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा. विषय क्रिकेटचा आहे आणि ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनीही वाचावा असा आहे, कारण प्रश्न आपल्या शहरातल्या पोरांचा आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालनं मुंबई क्रिकेट असोसिएशनला, म्हणजे एमसीएला, मेल केला की मला पुढच्या मोसमात गोव्याकडून खेळायचंय, ना हरकत द्या. गोव्यानं नेतृत्वाची जबाबदारी देऊ केली, हे त्यानंच सांगितलं. महिनाभरानंतर मेमध्ये दुसरा मेल आला, विचार बदलला, मुंबईकडूनच खेळू द्या. जूनच्या शेवटी एमसीएनं ते मान्यही केलं. त्याच जूनमध्ये विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉनं ना हरकत घेतली आणि तो महाराष्ट्राकडे, म्हणजे पुण्याच्या असोसिएशनकडे गेला. ऑक्टोबरमध्ये रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं, तेही १४१ चेंडूंत.

या सगळ्या काळात आपल्याकडच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते आठवा. "मुंबईनं घडवलं आणि मुंबईला लाथ मारली." "पैसा बघितला." "गद्दार." राजकारणातला शब्द आपण आता क्रिकेटलाही लावायला लागलोय. मीरा रोडला, भाईंदरला बसून माणसं मुंबईच्या अस्मितेसाठी भांडत होती. मला हसूही आलं आणि रागही आला. मुद्दा सोपा आहे. ज्या मुंबईसाठी आपण भांडतोय, तिच्या हिशेबात आपण नक्की कुठे आहोत?

आधी गद्दारीचा विषय संपवू. जैस्वाल जन्मानं उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला. पोरवयात मुंबईत आला, आझाद मैदानावर तंबूत राहिला. गाव सोडून संधीकडे जाणं ही गद्दारी असेल, तर ती त्यानं मुंबईत येतानाच केली होती, आणि तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. सचिनचा मुलगा अर्जुन २०२२ मध्ये गोव्याकडे गेला. पदार्पणातच शतक केलं. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं. वसीम जाफर मुंबईचा, पण विदर्भाकडून खेळला. विदर्भानं २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले तेव्हा तो त्या संघात होता आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. २०२४-२५ मध्ये विदर्भ पुन्हा जिंकला. उपांत्य सामन्यात त्यांनी मुंबईलाच हरवलं आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध कर्नाटकच्या करुण नायरनं शतक काढलं. पुढच्या मोसमात नायर परत कर्नाटकात. नागपूरकरांनी त्याला शिव्या घातल्याचं मी ऐकलं नाही.

खेळाडू संघ बदलणार. त्याचं करिअर दहा-पंधरा वर्षांचं. बोर्डाच्या नियमात पाहुण्या खेळाडूंची सोय आहे, ना हरकतीची पद्धत आहे. ज्याचं नाव झालंय त्याच्यासाठी सगळे दरवाजे उघडतात. एक मेल करून जातो, दुसरा मेल करून परत येतो. ज्याचं नाव झालेलं नाही त्या चौदा वर्षांच्या पोराचं काय, यावर मला बोलायचंय.

आता नकाशा समजून घ्या. महाराष्ट्र राज्य एक, पण क्रिकेटमध्ये त्याचे तीन तुकडे. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. तिघांचे वेगळे संघ, वेगळ्या निवड समित्या, बोर्डात तिघांची वेगळी मतं. गुजरातचंही तसंच, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. ही विभागणी इंग्रजांच्या काळातल्या इलाख्यांच्या आणि संस्थानांच्या हिशेबानं आलेली. यात मुंबईच्या असोसिएशनची हद्द फक्त मुंबई महापालिकेपुरती नाही. ठाणे आणि पालघरही तिच्याकडे. म्हणजे दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे आपण, त्यापुढे वसई-विरार, थेट डहाणूपर्यंत. तिकडे कल्याण-डोंबिवली. या सगळ्या पट्ट्यातल्या पोरानं क्रिकेटमध्ये पुढे जायचं तर रस्ता मुंबईचाच.

गंमत बघा. ऑक्टोबर २०२४ पर्यंत दहिसर नाक्यावर आपल्या गाड्या टोल भरत होत्या, कारण आपण मुंबईच्या बाहेरचे. पाणी, रस्ते, हॉस्पिटल, मुंबई महापालिकेचं बजेट, या सगळ्यात आपण बाहेरचे. पण पोरगं चांगलं खेळलं की ते मुंबईचं. हा हिशेब मला पटत नाही.

या नकाशावरून सुप्रीम कोर्टात केवढं महाभारत झालं ते अनेकांना आठवत नसेल. आयपीएलमधलं बेटिंग-फिक्सिंगचं प्रकरण २०१३ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात. जानेवारी २०१५ मध्ये कोर्टानं सांगितलं की बोर्ड खाजगी संस्था असली तरी काम सार्वजनिक करते, आणि न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली. समितीनं म्हटलं, एका राज्याला एकच मत. १८ जुलै २०१६ ला कोर्टानं ते मान्य केलं. म्हणजे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ यांनी आळीपाळीनं मत द्यायचं. झालं! वानखेडेवर भूकंप. ज्या असोसिएशननं सर्वांत जास्त रणजी करंडक जिंकले तिचं मत काढून घेता? वयाच्या आणि कार्यकाळाच्या अटीही होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शरद पवारांनी एमसीएचं अध्यक्षपद सोडलं. दोन वर्षं अर्ज, फेरअर्ज, वकील, तारखा. शेवटी ९ ऑगस्ट २०१८ ला कोर्टानं निकाल बदलला. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, तिघांना मतं परत मिळाली. गुजरातच्या तिघांनाही मिळाली. कारण काय दिलं? या संघटनांनी भारतीय क्रिकेटला इतकी वर्षं जे दिलं ते पुसता येत नाही.

तो युक्तिवाद खोटा नव्हता. २०२३-२४ पर्यंत मुंबईनं बेचाळीस रणजी करंडक जिंकलेत. पण हे बेचाळीस करंडक जिंकले कुणी? त्यातले अलीकडचे काढा आणि खेळाडूंचे पत्ते बघा. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. शार्दूल ठाकूर पालघरचा. पृथ्वी शॉ विरारचा. रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढला. कोर्टात मत मागताना ज्या परंपरेचा दाखला दिला, ती परंपरा गेल्या वीस वर्षांत लोकल ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनांवरून आलेल्या पोरांनी टिकवलीये. पण ते मत परत मिळाल्यावर त्यातला वाटा त्या स्टेशनांना मिळाला का?

एमसीएची निवडणूक कशी होते ते बघा. मतदार म्हणजे संलग्न क्लब, कार्यालयांचे संघ, जिमखाने, शाळा-कॉलेजं. तीनशेच्या वर संस्था. यांचं मूळ आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा या पट्ट्यात. हे क्लब जुने आहेत, त्यांनी क्रिकेट जगवलंय, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गावाची लोकवस्ती एकीकडे आणि मतदारयादी दुसरीकडे, हा प्रकार आपल्याला नवीन नाही. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाख नऊ हजार होती. आज किती असेल ते सकाळी साडेआठला भाईंदर स्टेशनवर उभं राहून बघा. एवढ्या माणसांच्या शहराला क्रिकेटच्या कारभारात आवाज किती? त्या यादीत मीरा-भाईंदरचे, वसई-विरारचे, पालघरचे किती क्लब आहेत, हे असोसिएशननं एकदा ठळक छापावं.

आणि राजकारण? टीव्हीवर एकमेकांचे बाप काढणारे एमसीएच्या निवडणुकीत एका पॅनेलवर असतात. २०२२ मध्ये पवार आणि आशिष शेलार यांचा गट एकत्र होता आणि समोर उभा असलेला माणूस होता संदीप पाटील. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संदीप पाटील. हरला. क्रिकेटपटू हरला याचं मला विशेष वाटत नाही, चांगला खेळाडू चांगला प्रशासक असतोच असं नाही. पण ज्या दोन पक्षांचं राज्याच्या एकाही प्रश्नावर जमत नाही त्यांचं इथं इतकं छान कसं जमतं, हा प्रश्न विचारायला नको?

"मग ठाणे-पालघरची वेगळी असोसिएशन मागा की!" हे मला एका मित्रानं ऐकवलं. असं म्हणणारे बरेच आहेत. टाळ्या मिळतील अशी मागणी आहे. मी विरोधात आहे, आणि कारण सांगतो.

कारण बिहार. २००० साली झारखंड वेगळं झालं. बोर्डाची संलग्नता झारखंडकडे गेली आणि बिहारमध्ये दोन-तीन संघटना "आम्हीच खरे" म्हणत कोर्टात भांडत बसल्या. एवढ्या मोठ्या राज्याला रणजीत संघच नाही! पाटण्याचा ईशान किशन झारखंडकडून खेळला तो काय हौसेनं? ज्या खटल्यातून लोढा समिती आली तो खटला बिहारच्याच एका संघटनेनं लढवला होता, हेही लक्षात घ्या. जानेवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा कुठे बिहार परत मैदानात आला. जवळपास दीड दशक गेलं. त्या काळात जो पोरगा तेरा वर्षांचा होता तो अठ्ठावीस-तीसचा झाला. कोर्टात तारीख पुढे जाते, पोराचं वय थांबत नाही.

परत आल्यावरही काय? जानेवारी २०२४, पाटण्याचं मोइन-उल-हक स्टेडियम, रणजी सामना बिहार विरुद्ध मुंबई. आपलाच संघ होता समोर. आणि बिहारचे दोन संघ हजर! एक अध्यक्षांचा, एक सचिवाचा. दोन याद्या, दोन कॅप्टन, गेटवर पोलीस. शेवटी एक संघ खेळला. त्यात वैभव सूर्यवंशी नावाचं कागदोपत्री बारा वर्षांचं पोरगं होतं, ज्यानं पुढच्याच वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक मारलं. हे पोरगं जर दहा वर्षं आधी जन्माला आलं असतं तर? समस्तीपूरमधून कुठे गेलं असतं?

म्हणून म्हणतो, नवी संघटना, नवा झेंडा, नवी खुर्ची यातून पोरांना काही मिळत नाही. मिळतं ते वकिलांना आणि खुर्चीवर बसणाऱ्याला.

बाहेरच्या देशात तरी वेगळं चालतं का? अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचा केवढा धंदा आहे तुम्हाला माहीत असेल. तिथं कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आधी हे गट भूगोलावर होते, शेजारची कॉलेजं शेजारच्यांशी खेळायची. मग टीव्हीचा पैसा आला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शंभर वर्षांहून जुन्या पॅक-१२ गटातली बारापैकी दहा कॉलेजं २०२२ आणि २०२३ मध्ये जास्त पैसा देणाऱ्या गटांकडे गेली. ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच उरली. त्यांनी निघालेल्यांविरुद्ध कोर्टात जाऊन गटाचा ताबा आणि तिजोरी आपल्याकडे घेतली. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळतं. म्हणजे आपल्या भाईंदरच्या संघानं कोलकाता लीग खेळण्यासारखं. फुटबॉलचं ठीक आहे, त्यांना विमानं आहेत. पण तेच कॉलेज तेच गट बाकीच्या खेळांनाही लावतं. मग जलतरण, व्हॉलीबॉलची पोरं-पोरी परीक्षेच्या आठवड्यात अर्धा देश ओलांडतात. तरी तिथं एक गोष्ट झाली. खेळाडू कोर्टात गेले आणि जून २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनं कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. खेळाडू पक्षकार झाला तेव्हा त्याच्या पदरात काहीतरी पडलं. आपल्याकडच्या सगळ्या खटल्यांत पक्षकार कोण? संघटना विरुद्ध संघटना, पदाधिकारी विरुद्ध पदाधिकारी. लोढा प्रकरणाच्या हजारो पानांत भाईंदरचा चौदा वर्षांचा मुलगा कुठे आहे?

तो कुठे आहे ते मी सांगतो. तो पहाटेच्या चर्चगेट लोकलमध्ये, लगेजच्या डब्यात आहे. किटबॅग त्याच्याएवढीच. मासळीच्या टोपल्या आणि भाजीच्या गोण्यांच्या मध्ये उभा. आझाद मैदानावर नेट्स, तिथून शाळा, संध्याकाळी परत गर्दीत. ज्यांचं लेकरू या चक्रात आहे त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. बाप एका डब्यात, पोरगं दुसऱ्या डब्यात, आई फोनवर – "चढला का?" मुलींचं तर आणखी अवघड. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, आपण रात्री फटाके वाजवले. दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या मुलीनं बॅट घेतली तर ती कुठे खेळेल?

इथं नेहमीचं उत्तर येतं. "अहो, हालअपेष्टांतूनच खडूस मुंबईकर घडतो. शार्दूल पालघरहून ट्रेननं यायचाच ना!" यायचा. पण शार्दूलची पूर्ण गोष्ट सांगा. बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत घेतलं आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहितलाही लाड सरांनीच हेरलं, शाळा बदलायला लावली, फी माफ करून घेतली. एका मास्तरच्या घराचा दरवाजा उघडा होता म्हणून भारताला दोन खेळाडू मिळाले. हे त्या मास्तरांचं मोठेपण आहे, व्यवस्थेचं नाही. आणि जे पोहोचले त्यांचीच नावं आपण घेतो. ट्रेननं थकून अकरावीत खेळ सोडलेल्यांची यादी कोण ठेवतं?

कल्याणच्या प्रणव धनावडेला विसरलात? जानेवारी २०१६. भंडारी कप, शालेय सामना, नाबाद १००९. जगातला विक्रम. रिक्षाचालकाचा मुलगा. पुढाऱ्यांची रांग लागली, एमसीएनं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. २०१७ मध्ये फॉर्म गेला म्हणून घरच्यांनी स्वतःहून ती थांबवायला सांगितली. केवढा स्वाभिमान! पण मला प्रश्न पडतो, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला महिन्याच्या पैशापेक्षा दुसरं काही हवं होतं का? जवळ चांगली खेळपट्टी, तोडीस तोड गोलंदाजी, समजून घेणारा माणूस? ज्या सामन्यात त्यानं हजार काढले त्यातच समोरच्या संघाची पोरं किती कच्ची होती हे सगळ्यांनी पाहिलं. ठाणे जिल्ह्यातलं शालेय क्रिकेट कुठल्या पातळीवर सोडून दिलंय, हेच त्या विक्रमातून दिसलं. आपण मात्र फक्त हार घातले.

आता शाळांच्या ओढाओढीबद्दल. पोरगं चांगलं खेळतं म्हटलं की मुंबईतल्या बड्या क्रिकेटवाल्या शाळा त्याला नेतात. हे जुनं आहे, सचिनही वांद्र्याची शाळा सोडून दादरला शारदाश्रममध्ये गेला. पृथ्वी विरारहून वांद्र्याच्या रिझवीत गेला आणि २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ मारले. यात गैर काही नाही. चांगल्या शाळेत चांगलं क्रिकेट मिळतं. पण प्रत्येक पृथ्वीमागे किती पोरं अशी नेली जातात, जी दोन मोसम बाकावर बसून नववीत "आता फी भरा" ऐकतात? अशी घरं मला माहीत आहेत. नावं घेणार नाही, पोरांना त्रास होईल. इथली शाळा सुटलेली, तिथली परवडत नाही, दहावी तोंडावर. गोव्याला जाणाऱ्या स्टार खेळाडूसाठी ना हरकत, कागदपत्रं, मेल, सगळं रीतसर असतं. तेरा वर्षांच्या पोराला नेताना कागदाचा एक तुकडा नसतो. तोंडी वायदा. बापही खूश असतो, "सर म्हणाले ना!"

थोडं आपल्या घराकडेही बघू. सगळं वानखेडेवर ढकलून चालणार नाही. आपली महापालिका २००२ ची. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, ९५ नगरसेवक बसले. यातल्या कितींनी टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवल्यात? अमुकभाऊ चषक, तमुकदादा चषक. फ्लडलाइट, डीजे, यूट्यूब लाइव्ह, बक्षिसाला मोटारसायकल. माझा टेनिस बॉलला विरोध नाही, आपण सगळे त्यातच खेळलो. पण सीझन बॉलनं खेळता येईल, नीट खेळपट्टी असेल, गरिबाच्या पोराला परवडेल, अशी सार्वजनिक मैदानं शहरात किती, बोटं मोजा. बोटं शिल्लक राहतील. उरलं काय तर जाळी लावलेले टर्फ, तासाच्या भाड्याचे, जिथं बॉक्स क्रिकेट चालतं. ऑफिसच्या टीमसाठी झकास. पण त्यात बाउन्सर खेळायला शिकता येत नाही आणि सव्वीस यार्डांवरून धावत येणारा गोलंदाज भिंतीवर आपटेल. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित भूखंड असतात. त्यांचं पुढे काय होतं हे मीरा-भाईंदरकरांना मी सांगायची गरज नाही.

काही जण म्हणतील, पाणी येत नाही, खड्डे बुजत नाहीत आणि तुम्हाला क्रिकेटचं पडलंय. मी पाण्यावरही लिहितो, खड्ड्यांवरही लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. पण ज्या शहरात पोराला पळायला जागा नाही ते शहर फक्त झोपायचं ठिकाण होतं. रात्रीची लोकल पकडून यायचं, झोपायचं, सकाळी परत जायचं. आपल्याला मुंबईनं तसंच धरलंय. आपणही स्वतःला तसंच धरतोय.

आणि पैसा नाही हे कारण कुणी सांगू नये. आमणे इथं, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, लाखभर प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभारायचा एमसीएचा विचार आहे. बांधा. पण लाख माणसांना बसायला जागा करताना बावीस पोरांना खेळायला जागा कुठे आहे तेही सांगा. आपल्याला एमसीएची सर्वांत जवळची मोठी सोय म्हणजे कांदिवलीचा सचिन तेंडुलकर जिमखाना. त्यापुढे दहिसर ओलांडलं की नकाशा आहे, पण सोय कुठे आहे?

म्हणून मागण्या. साध्या आहेत, कोर्टात जायची गरज पडू नये अशा.

एक. एमसीएनं वयोगटाच्या निवड चाचण्यांचं एक केंद्र दहिसरच्या उत्तरेला द्यावं, मीरा-भाईंदर किंवा वसई-विरारमध्ये. मुलींसाठीही. निवड करणारे चार लोक ट्रेननं इकडे येऊ शकतात. चारशे पोरांनी तिकडे जायची गरज नाही.

दोन. दरवर्षी आकडे जाहीर करावेत. मीरा-भाईंदर, वसई-विरार, पालघर, कल्याण-डोंबिवली, प्रत्येक भागातून किती पोरं चाचणीला आली, किती निवडली, किती संलग्न क्लब तिथले आणि तिथं किती खर्च केला.

तीन. या भागातल्या क्लबांना संलग्नता आणि मताधिकार मिळवण्याचा मार्ग स्पष्ट लिहून ठेवावा. २०१८ मध्ये तुम्ही कोर्टात म्हणालात की आमचं मत काढू नका, आमचं योगदान बघा. तेच आम्ही तुम्हाला म्हणतोय.

चार. शाळेनं खेळासाठी पोराला घेतलं तर लेखी हमी द्यावी की दहावीपर्यंत फी माफ, मग पोरगं संघात असो वा नसो. आणि हजेरीची नोंद खरी ठेवावी. जी शाळा हे देणार नाही तिला एमसीएच्या स्पर्धेत खेळू देऊ नये.

पाच. मीरा-भाईंदर महापालिकेनं मैदानासाठी आरक्षित प्रत्येक भूखंडाची आजची स्थिती वेबसाइटवर टाकावी. किमान एका मैदानावर सीझन बॉलची खेळपट्टी करावी, आणि आठवड्याचे काही दिवस ते शाळेच्या पोरांसाठी मोकळं ठेवावं. चषकासाठी नाही, लग्नासाठी नाही, सभेसाठी नाही.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, क्रिकेट बोर्डही त्याच्या कक्षेत येतं. अडचण अशी की माहिती अधिकार फक्त सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवलाय. बोर्ड म्हणतं आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, म्हणून तिथं अर्ज चालणार नाही. पण महापालिकेत चालतो. पाचव्या मागणीचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकेन, जसंच्या तसं.

तुमच्याकडून एकच हवंय. ज्यांची पोरं-पोरी दहिसरच्या पलीकडे खेळायला जातात त्यांनी कमेंटमध्ये लिहा. किती वाजता निघता, कुठल्या स्टेशनवरून, महिन्याला खर्च किती. पोराचं आणि शाळेचं नाव लिहू नका. ती यादी मी एमसीएकडे आणि आपल्या नगरसेवकांकडे घेऊन जाईन. माझ्याबरोबर चार पालक आले तर बरं होईल, एकट्या पत्रकाराला चहा पाजून परत पाठवणं सोपं असतं.

आणि पुढच्या वेळी कुणी खेळाडू मुंबई सोडून गेला की "गद्दार" टाइप करायच्या आधी जरा थांबा. उद्या भाईंदरचं एखादं पोरगं मोठं होईल आणि गोव्याला, नागपूरला नाहीतर पुण्याला जाईल. त्याला विचारायच्या आधी स्वतःला विचारा, तो इथं होता तेव्हा आपण त्याला काय दिलं होतं? लगेजच्या डब्यात उभं राहायला जागा. तीही भांडून.